बिनगाण्याचं लग्न

४ ऑगस्ट

धाकट्या,

दोन वर्षांनी तुझं पत्र आलं आणि त्यातही नमनालाच घडाभर तेल! ताई बरी असेल, भाऊजी बरे असतील, दुकान बरं चाललं असेल. आम्ही सगळे बरे आहोत. लॉन्ड्रीतलं मोठं मशीन अधूनमधून अडून बसतं, पण दोन लाथा घातल्या की चालायला लागतं. चौथ्या पानाच्या तळाशी जे लिहिलंस ते पहिल्या ओळीत लिहायला काय झालं होतं? लग्न करतोयस, गाढवा!

मी दुकानातच ओरडले. इस्त्रीवाले काका इतके दचकले की हातातली इस्त्री तशीच ठेवून माझ्याकडे बघत राहिले, आणि हॉटेलच्या एका पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर छान तिकोनी डाग पडला. तुझे भाऊजी आतून धावत आले. त्यांना वाटलं, मला शॉक लागला.

मुलगी नर्स आहे, तुमच्याच त्या प्रार्थनेच्या बैठकीतली आहे आणि फार बोलत नाही, एवढं कळलं. मी तिला पाहिलेलं नाही. पण तुझ्यासारख्याला जी हो म्हणाली तिच्या अंगी सोशिकपणा असणार, हे उघड आहे. लहानपणी तू झोपेतसुद्धा बडबडायचास. असा माणूस मुक्यांच्या सभेत जाऊन बसतो, हे मी अजून कोणाला नीट समजावून सांगू शकलेले नाही.

तर लग्न पंचवीस ऑक्टोबरला, तुमच्या त्या खोलीत. तू लिहितोस, तिथे पाळक नसतात, वेदी नसते, गाणी नसतात. सगळे गोल बसतात आणि गप्प राहतात. ज्याला आतून काही सुचेल तो उठून बोलतो, कोणाला नाही सुचलं तर कोणी नाही बोलत. नवरा-नवरी आपणहून उभे राहून वचन देतात, झालं लग्न. मी हे भाऊजींना वाचून दाखवलं आणि म्हटलं, हे लग्न आहे की दातांच्या डॉक्टरकडची बाहेरची खोली?

पण काळजी करू नकोस. तुमच्याकडे गाणारे नसतील तर आमच्याकडे आहेत. मी गुरुवारच्या तालमीलाच गायनमंडळाला सांगून टाकलं. चौदा जण येतो. बस ठरवली आहे. दोन गाणी बसवतो, एक नवरी आत येताना आणि एक वचनं झाल्यावर. झगे धुवायला काढलेत. ऑर्गन काही उचलून आणता येणार नाही, म्हणून मास्तर त्यांची लहान पेटी आणतील. तुम्हाला काही करायला नको, सगळं आम्ही बघतो.

एक गोष्ट लिहू की नको, असं तासभर चाललंय. लिहितेच. बाबांना कबरस्तानात पोचवून आल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर तू मला म्हणालास, "एवढं मोठ्याने कशाला गातेस ताई? देव काय बहिरा आहे?" आणि मी म्हणाले, "मुकाही नाहीये." शब्दाने शब्द वाढला आणि तू इथून गेलास तो गेलासच. मी ते विसरले आहे. विसरले असते तर लिहिलं नसतं, हे तुला कळतंच, पण लग्नाच्या तोंडावर जुनं उकरायला नको. आम्ही येतो, गातो, जेवतो आणि निघतो.

तुझी ताई


२१ ऑगस्ट

धाकट्या,

"गायनमंडळ नको, तू मात्र हवीस." तुझ्या पत्रातलं एवढं एकच वाक्य माझ्या लक्षात राहिलं. बाकी तीन पानं गोड आहेत, पण गोळीवरची साखर कितीही चाटली तरी गोळी गिळावी लागतेच.

मी हवी आणि माझं गाणं नको. म्हणजे नेमकं काय हवं? आवाज घरी खुंटीला टांगून येऊ? त्या चर्चमध्ये मी बारा वर्षांची असल्यापासून गाते आहे. दूधवाल्याची थोरली, पाळकांच्या तिन्ही मुली, एवढंच काय, जिच्याशी माझं आजही बोलणं नाही ती शाळेतली बाई, सगळ्यांची लग्नं मी गायली. आणि माझ्या एकुलत्या एक भावाच्या लग्नात मी हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून बसू?

तू लिहितोस, 'तुमची रीत चुकीची आहे असं मी म्हणत नाही, आमची फक्त वेगळी आहे.' वा! असं म्हणणारी माणसं मनातल्या मनात नेमकं तेच म्हणत असतात. मला ठाऊक आहे, कारण तुमच्याबद्दल मीही चारचौघांत असंच म्हणते आणि मनात मला तुमची रीत साफ चुकीची वाटते. प्रभू येशूने कोणाला गप्प बसा म्हणून सांगितलं? शेवटचं जेवण झाल्यावरसुद्धा गीत गाऊन मगच उठले ते सगळे.

मंडळाला सांगताना मला खोटं बोलावं लागलं. म्हटलं, खोली फार लहान आहे, आपण मावणार नाही. इस्त्रीवाले काका म्हणाले, "मग त्यात काय, आपण खिडकीबाहेर उभे राहून गाऊ." आता या भाबड्या माणसाला काय सांगायचं? बस रद्द केली. झगे धुऊन, स्टार्च करून झाले होते, ते परत कपाटात लावले.

मी येणार नाही. भाऊजी येतील, त्यांना कुठेही बसवलं तरी ते गप्पच असतात. रडले वगैरे नाही. कागदावर शाई पसरली आहे ती बॉयलरच्या वाफेने.

ताई


१३ सप्टेंबर

धाकट्या,

तुझी नर्सबाई येऊन गेली. तू पाठवलं नव्हतंस, हे तिने तीनदा सांगितलं, म्हणून विश्वास ठेवते.

शनिवारी सकाळी दुकानात ही गर्दी. एक उंच, सावळी मुलगी रांगेत उभी होती, खांद्याला पिशवी. तिची पाळी आली तेव्हा मी नेहमीप्रमाणे वर न बघता विचारलं, "धुलाई की नुसती इस्त्री?" काही उत्तर नाही. मी चिडून म्हटलं, "अहो बाई, मागे लोक खोळंबलेत." तेव्हा ती हळूच म्हणाली, "धुवायला काही नाही आणलं. मी तुमची होणारी भावजय." मागच्या म्हाताऱ्याने टाळी वाजवली! मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी तिला पावतीच फाडून दिली. तिने ती नीट घडी करून पर्समध्ये ठेवली.

नेमक्या त्याच दिवशी आमची चादरीवाली मुलगी आली नव्हती आणि हॉस्पिटलच्या चादरींचा ढीग पडला होता. मी एकटी चादरीशी झुंजतेय हे बघून ती काउंटरच्या आत आली आणि समोरची दोन टोकं धरली. तुला माहीत आहे, चादरीची घडी घालताना मी सारखी ओरडत असते. ओढ, सोड, उजवीकडे, अगं तुझ्या उजवीकडे! हिला काही सांगावं लागलं नाही. मी एक पाऊल पुढे आले की ती पुढे, मी थांबले की ती थांबे. जन्म गेला चादरींत, पण इतकी सरळ घडी दुसऱ्या कोणाबरोबर मला जमली नाही. ढीग कधी संपला कळलं नाही, आणि तेवढ्या वेळात आम्ही दोघी एक अक्षर बोललो नव्हतो हे माझ्या नंतर लक्षात आलं. इस्त्रीवाले काका मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, घसा बसलाय का?"

जेवताना मी तिला सरळच विचारलं, "तुम्ही लोक तिथे बसून करता तरी काय?" आपण कसं, मनात आलं की विचारून मोकळं. तिने घास खाली ठेवला. म्हणाली, "ताई, माझ्या वॉर्डात म्हातारी माणसं असतात. बरीचशी परत घरी जात नाहीत. पहिल्या पहिल्यांदा मी त्यांच्याशी खूप बोलायचे. सगळं ठीक होईल, असं होईल, तसं होईल. एक आजी मला म्हणाल्या, बाळ, आता नुसती बस. मी बसले. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, खोलीत आम्ही दोघीच नाही आहोत. मग रविवारीही तसंच बसावंसं वाटायला लागलं." एवढं बोलून ती पुन्हा जेवायला लागली. मी वाद घालायचं सोडून तिला भात वाढला. तुझे भाऊजी माझ्याकडे बघून हसत होते, त्यांना नंतर पाहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर उपासनेला आली. मी तिला गाण्याचं पुस्तक दिलं. तिने ते मांडीवर ठेवलं, उघडलंसुद्धा नाही, आणि पहिल्या गाण्यालाच डोळे मिटून बसली. मी गाता गाता तिच्याकडे बघतेय, माझा जीव वरखाली. म्हटलं, झोपली बया! माझ्या वरच्या पट्टीतल्या सोप्रानोंनी एवढा जोर लावलेला आणि ही झोपली!

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "दुसऱ्या गाण्यात तिसरं कडवं तुम्ही सगळे एकदम हळू म्हणता, ते मुद्दाम का?" धाकट्या, ते मी वीस वर्षांपूर्वी बसवलं. त्या कडव्यात वधस्तंभ येतो, म्हणून आवाज खाली आणायचा. आजवर कोणाच्याही लक्षात आलेलं नाही. पाळकांच्याही नाही. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मला ऐकू आलं."

जाताना बसच्या दाराशी तिने आणखी एक सांगितलं. ते मी आज लिहीत नाही, मला आधी त्याचा विचार करायचा आहे. लग्नाला येण्याबद्दल मी तिला काही बोलले नाही, तिनेही विचारलं नाही. पोरगी चांगली आहे. तुझ्या मानाने जास्तच.

ताई


२४ सप्टेंबर

धाकट्या,

हसायचं नाही, अशी आधीच अट घालते.

काल दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी शटर अर्धं खाली ओढलं, मशीनं बंद केली, काकांना बाहेर पिटाळलं आणि काउंटरमागे स्टुलावर गप्प बसून पाहिलं. म्हटलं, बघू तरी, ही मंडळी असं काय करतात ज्यासाठी माझा भाऊ मला सोडून गेला.

डोळे मिटले. प्रभू, मी आले आहे, म्हटलं. पुढे काय म्हणायचं ते कळेना. मग आठवलं की म्हणायचंच नसतं. मग स्टार्च संपत आलाय हे आठवलं. हॉटेलवाल्याने उश्यांचे अभ्रे कमी पाठवलेत का, हे आठवलं. मग कोपऱ्यातल्या नळाचं टपटप ऐकू यायला लागलं आणि त्या टपटपीवर मी मनात एक चाल धरली! जित्याची खोड. ती चाल बळेच सोडली तर पाय मुंग्यांनी भरला. एवढ्यात तुझे भाऊजी मागच्या दाराने आले. मी अंधारात डोळे मिटून गप्प बसलेली बघून त्यांचा चेहराच उतरला. बिचारे चहा करून घेऊन आले आणि म्हणाले, "माझं काय चुकलं ते तरी सांग."

हसलास ना? आता पुढचं ऐक.

नर्सबाईने बसच्या दाराशी सांगितलं ते असं: "तो म्हणतो, आई गेल्यानंतर ताई रोज गायची, म्हणून मी झोपू शकायचो. ताई थांबली की मला भीती वाटायची." मी तिला विचारलं, "मग आता त्याला गप्प बसायला कसं जमतं?" ती म्हणाली, "आता भीती वाटत नाही, हेच कळायला तो तिथे बसतो."

तू सात वर्षांचा होतास, तुला किती आठवतं मला माहीत नाही. मी सोळाची होते. आई गेली आणि बाबा बोलायचेच बंद झाले. कामावरून यायचे, खिडकीशी खुर्ची ओढून बसायचे, ते जेवायला बोलवेपर्यंत. शेजारी कुजबुजत यायचे, कुजबुजत जायचे. तू दाराआड उभा राहून सगळ्यांची तोंडं बघायचास. ते घर इतकं गप्प झालं होतं की भांडं आपटलं तरी बरं वाटायचं. एका संध्याकाळी भांडी घासता घासता मी गायला लागले, अगदी घसा फाडून. बाबा उठून येतील आणि ओरडतील असं वाटलं. ते उठले नाहीत, पण तू दाराआडून बाहेर आलास आणि माझ्या पायाशी येऊन बसलास. त्या दिवसापासून मी थांबलेच नाही.

म्हणून मला तुमची ती खोली नको वाटते. तुम्हाला शांतता म्हणजे देव वाटत असेल, मला शांतता म्हणजे आई नसलेलं ते घर. काल स्टुलावरून मी उठले ती पायाला मुंग्या आल्या म्हणून नव्हे. मला तिथे भीती वाटली. आता हे तुला सांगितलं, कोणाला बोलू नकोस. गावभर माझी ख्याती आहे की मी कोणाला भीत नाही.

ताई


८ ऑक्टोबर

धाकट्या,

तुझं पत्र आलं. या वेळी पहिल्या ओळीतच मुद्द्याला हात घातलास, सुधारतोयस.

मी ते दुकानात वाचायला घेतलं आणि दोन ओळींनंतर शटर पाडून घरी निघून आले. तू लिहिलंस, बाबांना पोचवताना मी आणि मंडळ सलग गात होतो. 'ताई, तुझ्या गाण्याने ते चर्च इतकं भरून गेलं होतं की मला रडायला कुठे जागाच उरली नव्हती. म्हणून पायऱ्यांवर तुझ्यावर उखडलो. तू देवाला ऐकवत होतीस याचा राग नव्हता.' आणि पुढे त्या 'बहिरा' शब्दाबद्दल जे लिहिलंस ते मी परत इथे उतरवत नाही. पोचलं, एवढंच सांगते.

आता माझंही ऐक. मी त्या दिवशी थांबले का नाही? थांबले असते तर मी तिथेच कोसळले असते. तुला रडण्यासाठी जे नको होतं, तेच मला उभं राहण्यासाठी हवं होतं. एका आईची दोन पोरं, एकाच बापाला पोचवतायत, आणि दोघांना दोन उलट्या गोष्टी हव्यात. यात कोण चुकलं? मी दोन दिवस शोधतेय. मला कोणी सापडत नाही, आणि एवढी वर्षं भांडायला धरून ठेवलेलं असं हातातून गेलं की जरा मोकळं मोकळंही वाटतं.

कारखान्याबद्दल तू आधी कधी लिहिलं नव्हतंस. दिवसभर पत्रे कापणारी ती मशीनं, कानात बोळे घालूनही घरी येईपर्यंत कान गात असतात, माणसाशी बोलायचं तर हातवारे करून. मी म्हणत होते, माझा बडबड्या भाऊ त्या लोकांनी बिघडवला. आठवडाभर त्या कडकडाटात राहणाऱ्याला रविवारी चौदा जणांचं गायनमंडळ म्हणजे घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! शेवटच्या जेवणानंतर सगळे गीत गाऊन उठले, असं मी तुला मोठ्या तोऱ्यात सुनावलं होतं. त्याच रात्री पुढे प्रभू प्रार्थना करायला बागेत एकटाच आत गेला होता, आणि तिथे कोणी गात नव्हतं. हे मला ठाऊक होतं. सोयीचं नव्हतं म्हणून लिहिलं नाही.

मी पाळकांकडे गेले होते. मनात चोर असा की त्यांनी म्हणावं, अशा लग्नाला जाऊ नका, म्हणजे मला कारण मिळेल. ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "आमच्या मंडळीला विचारा, म्हणजे घरातल्या. ती प्रवचनाला कधी थांबत नाही. आजाऱ्यांचे डबे घेऊन निघून जाते. मी तीस वर्षं बोलतोय, ती तीस वर्षं डबे पोचवतेय. वर गेल्यावर कोणाला आधी आत घेतील याबद्दल माझ्या मनात फारशी शंका नाही." आणि वर मलाच म्हणाले, "जाऊन या, आणि आम्हालाही सांगा कसं झालं."

तू लिहितोस, लग्नानंतर जेवणाच्या वेळी अंगणात मंडळाने हवं तेवढं गावं, तुमच्या लोकांनाही आवडेल. ते बघू. पण आत, लग्नाच्या वेळी, तुमच्या घरात तुमची रीत. मी येते. भीती वाटली तर भाऊजींचा हात धरून बसेन.

आणि मंडळही येतंय. मी खरं काय ते सांगून टाकलं, गायचं नाही, नुसतं बसायचं. मला वाटलं, कोणी येणार नाही. काका म्हणाले, "पोराला आम्ही रविवारच्या शब्बाथशाळेत मांडीवर घेतलंय. गायला नाही बोलावलं तर काय, बसायला तर येतो." बस परत ठरवली आहे.

तुझी ताई


२ नोव्हेंबर

धाकट्या,

आता हे कशाला लिहितेस, मी होतो की तिथे, असं तू म्हणशील. तू होतास, पण तू नवरा होतास. नवऱ्याला काही दिसत नसतं.

बसमध्ये मी सगळ्यांना दम भरला होता. कोणी गुणगुणायचं नाही, कोणी खाकरायचं नाही, आणि काहीही झालं, अगदी छप्पर कोसळलं, तरी माझ्या माणसांपैकी एकाचंही तोंड उघडता कामा नये. मान खाली, हात मांडीवर. सगळ्यांनी शब्द दिला. मी गायनमंडळ चालवते, माझा शब्द कोणी मोडत नाही.

तुमची खोली मला वाटली होती तशी नव्हती. मी काहीतरी अंधारं, गंभीर डोळ्यांसमोर धरलं होतं. ती तर साधी, चुना दिलेली, उघड्या खिडक्यांची. लाकडी खुर्च्या, मध्ये एका टेबलावर पाण्याचा तांब्या. बाहेर कोणीतरी सायकलला हवा भरत होतं, ते आत ऐकू येत होतं आणि कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. एका आजीने मला खुर्ची दिली आणि माझा दंड जरा दाबला. मी बसले. गप्पपणा सुरू झाला, म्हणजे सुरू झाला हेसुद्धा मला उशिरा कळलं.

पहिली काही मिनिटं माझा हात भाऊजींच्या हातात होता, हे कबूल करते. खिडकीशी बाबा बसलेले दिसले. मग हळूहळू मी बाकीच्यांकडे बघायला लागले. आपल्या घरी त्या वर्षी जो तो आपापल्या कोपऱ्यात गप्प होता, एकमेकांपासून तोंड लपवून. इथे सगळे एकमेकांसमोर होते. तुमचा एक टकला गृहस्थ उघड्या डोळ्यांनी तुमच्या दोघांकडे बघून हसत होता. एक लेकुरवाळी पोराला थोपटत होती. काका मान खाली घालून बसले होते, पण त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं. माझा हात कधी सुटला ते भाऊजींना विचार, मला आठवत नाही.

मग तू उठलास, ती उठली. काय बोललात ते मी लिहीत नाही, ते तुमचं. फक्त एवढंच, की तिचा आवाज मी पहिल्यांदा मोठा ऐकला, आणि तुझा पहिल्यांदा इतका हळू.

आणि तुम्ही खाली बसलात, आणि मी उभी राहिले.

देवाशपथ सांगते, मी ठरवून उठले नाही. आपल्या चर्चमध्ये वचनं झाली की सगळे उठतात. इतक्या लग्नांत उठलेले हे गुडघे, त्यांनी मला विचारलंच नाही. उठल्यावर बघते तर खोलीत उभी मी एकटी! आणि तुमच्याकडे जो उठतो तो बोलतो. सगळ्यांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले, ऐकायला तयार. बसावं तर आता बसताही येईना. गावं तर शब्द दिलेला. काही चांगलं बोलावं तर डोकं रिकामं. आणि मग दर गुरुवारी तालमीला उभी राहिल्यावर जे पहिलं वाक्य माझ्या तोंडून निघतं तेच निघालं. खणखणीत, अगदी शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं.

"प्रभू तुम्हांबरोबर असो!"

म्हटलं आणि थांबले. थांबणारच, कारण त्याचं उत्तर यायचं असतं. जन्मात कधी असं झालेलं नाही की मी हे म्हटलं आणि उत्तर आलं नाही. तुमच्या लोकांना बिचाऱ्यांना माहीतच नाही की उत्तर द्यायचं असतं. ते आपले डोळे मिटून ते वाक्य मनात घोळवत बसले. आणि ज्यांना माहीत होतं त्या चौदा जणांना मीच तोंड उघडायची बंदी केली होती! मी त्यांच्याकडे बघितलं. सोप्रानो ओठ चावून बसलेल्या. काका लालबुंद, गालात उत्तर कोंबलेलं, माझ्याकडे अशा नजरेने बघतायत की बाई, एक इशारा कर. मी इशारा करायलाही विसरले. त्या शांततेत माझं वाक्य तसंच लोंबकळत राहिलं, आणि मी सोळा वर्षांची झाले. भांडी हातात, घर गप्प, आणि कोणीच काही म्हणत नाहीये.

तेव्हा तू म्हणालास, "आणि तुझ्या आत्म्याबरोबर असो."

बसल्या जागेवरून, वर न बघता, हळू. तू ते सोडून गेला होतास, धाकट्या. तुला ते म्हणायची गरज नव्हती, तुझ्या लोकांत तुझ्या लग्नाच्या दिवशी तर मुळीच नव्हती. तरी म्हणालास, कारण मी उभी होते.

मी बसले. तुमच्यापैकी कोणी हसलं नाही, कोणी दचकलं नाही. नंतर ती आजी मला म्हणाली, फार बरं बोललात, आणि मी तिला सांगितलं नाही की ते चुकून होतं. आता मला ते चुकून होतं असं वाटतही नाही. पुढे कितीतरी वेळ कोणी उठलं नाही आणि मी तिथे बसून होते. मला आणखी काहीही नको होतं.

अंगणातल्या गाण्याचं काय सांगायचं, तू ऐकलंसच. तुमचा टकला गृहस्थ ताल चुकतो, पण दम आहे त्याच्यात. माझ्या भावजयीला सांग, आमच्याकडे येशील तेव्हा पुस्तक उघडू नकोस, डोळे मिटूनच बस. मला ऐकणारं कोणीतरी हवंच आहे.

परवा गुरुवारी तालीम झाली. पहिलं गाणं संपलं, मी दुसऱ्याचं पान काढलं आणि हात वर केलाच नाही. सगळे वाट बघतायत, मास्तरांची बोटं पट्ट्यांवर. शेवटी काका न राहवून म्हणाले, "बाई, पान हरवलं का?"

म्हटलं, "नाही हो. जरा बसू या." आणि आम्ही बसलो.

तुझी ताई